रायपूरहून गंगरेल: काकू पाण्यात उतरल्या तो रविवार

शनिवारी संध्याकाळी शोभाकाकूंनी सुकट भाजायला घेतली आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. सात महिन्यांत पहिल्यांदाच समुद्राचा वास नाकात गेला होता.

“काहून रडून राहिली वं?” काकूंनी विचारलं.

“काही नाही. कांदा.”

“कांदा तं मी अजून चिरलाच नाही.”

पकडले गेले. मग सांगावंच लागलं, की घरच्या माणसांची आठवण येतेच, पण माणसं निदान फोनवर दिसतात. पाणी दिसत नाही. जिथे कुठूनही वीस मिनिटं गेलं की समुद्र लागतो अशा ठिकाणी मी वाढले. रायपूरहून जवळचा किनारा म्हणजे पुरी नाहीतर विशाखापट्टण, आणि दोन्हीकडे रात्रभराची गाडी.

काकूंनी तव्यावरची सुकट हलवली. “समुद्र पाह्याचा हाय ना तुले? उद्या चाल. दाखवते.”

पेपर वाचत बसलेल्या काकांनी बाहेरूनच हाक दिली, “शोभा, ते धरण हाय!”

“पलीकडचा काठ दिसते काय तुम्हाले तिथून?”

काका म्हणाले, “साफ नाही दिसत.”

“मंग झालं तं.”

एवढ्यावर आमची सहल ठरली.

पहिल्यांदाच हा ब्लॉग वाचणाऱ्यांसाठी सांगते. मी अनुशा, मॉरिशसची. आमचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांत मजुरीला गेले आणि तिथलेच झाले. घरात आम्ही क्रिओल बोलतो, पण आई शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे माझं मराठी धड्यातल्यासारखं आहे. धानाच्या, म्हणजे भाताच्या, पिकावर एमएस्सी करायला शिष्यवृत्ती मिळाली आणि मी रायपूरला आले. चौबे कॉलनीत काकूंच्या घरी वरच्या खोलीत राहते. काकू-काका मूळचे भंडाऱ्याकडचे. काका रेल्वेतून रिटायर झाले. पुष्कळ वर्षं त्यांनी रायपूर ते धमतरी या छोट्या लाइनवर इंजिन चालवलं. त्यांची मुलगी पल्लवीदीदी नवा रायपूरला एका ऑफिसात नोकरी करते. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच येतं.

पहिल्या दिवशी मी काकूंना म्हणाले होते, “कृपया मला थोडं गरम पाणी मिळू शकेल का?” काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. “बातम्या सांगितल्यावानी काहून बोलून राहिली तू?” तेव्हापासून मी ‘मले’, ‘तुले’ शिकतेय. अजून जिभेवर नीट बसत नाही.

खरं सांगायचं तर इथे आल्यापासून मी सगळंच फक्त शिकतेय. रस्ता ओलांडायला, हिंदीत भाव करायला, मच्छरदाणी बांधायला. आदल्याच आठवड्यात आम्हाला एका गावात शेतकऱ्यांशी बोलायला नेलं होतं. तिथल्या मातीची नावं मला एकदा सोडून तीनदा विचारावी लागली, आणि शेवटी एक म्हातारा शेतकरी आमच्या सरांना म्हणाला, “ये नोनी ला का पढ़ावत हव?” या पोरीला तुम्ही शिकवता तरी काय! सगळे हसले, मीही हसले. खोलीवर आल्यावर मात्र हसू आलं नाही.

असो. निघूया.

साडेसहाला निघायचं ठरलं होतं, सव्वासातला निघालो. मार्च संपत आला होता, म्हणून तुम्ही जाणार असाल तर याहून लवकर निघा. अकरानंतर ऊन डोक्यावर बसतं. बरोबर तिखट पुऱ्या, आलूची कोरडी भाजी, लसणाची चटणी, पाण्याचे तीन कॅन आणि एक सतरंजी. शिवाय काकूंनी एक जास्तीची पिशवी घेतली होती. “त्याच्यात काय आहे?” विचारलं तर म्हणाल्या, “कपडे. सांडलं-लवंडलं तं असावे.”

गाडी पल्लवीदीदीची, सेकंडहँड. लायसन्स चार महिन्यांचं, आणि आजवरचा सगळा अनुभव घर ते ऑफिस. म्हणून तिने सरळ धमतरी रोड न धरता ओळखीचा रस्ता घेतला, नवा रायपूरवरून. ज्यांनी हे शहर पाहिलं नाही त्यांना सांगते, गाडी शिकायला जगात याहून चांगली जागा नसेल. सहा-सहा पदरी रस्ते, मधे फुलझाडं, आणि रविवारी सकाळी आमच्यासमोर एक सायकलवाला आणि तीन गाई. मंत्रालयाच्या बाजूने जाताना दीदी ऐटीत एका हाताने स्टेअरिंग धरून म्हणाली, “देखा? मक्खन!”

“कॉशन! कॉशन!” काका इंजिनवरच्या सवयीने ओरडले.

दीदीने ब्रेक दाबला. आम्ही सगळे पुढे झुकलो. समोर काहीच नव्हतं.

“पापा, क्या हुआ?”

“गाय हाय तिकडे.”

“पापा, वो आधा किलोमीटर दूर है!”

“मंग? इंजिन थांबाले तेवढं लागतेच.”

हे पुढे दिवसभर चाललं. काकांना मोटार चालवता येत नाही. ते स्वतःच सांगतात, “आयुष्यभर गाडी चालवली, पण तिच्यात स्टेअरिंगच नव्हतं. रूळ नेईल तिकडे जाची.” त्यांना फक्त वेग आणि ब्रेक कळतो, म्हणून वळणं आली की ते डोळे मिटतात. केंद्री गावाजवळ आम्ही धमतरीच्या रस्त्याला लागलो तेव्हा मात्र त्यांचा चेहरा बदलला. रस्त्याच्या कडेने जुनी लाइन कुठून कुठे जायची, ते हाताने दाखवत होते. गाडी इतकी हळू असायची की लोक चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडायचे आणि परत चढायचे, असं त्यांनी सांगितलं. काकू मागून म्हणाल्या, “हे तं दरवेळी सांगतात. बोरं कोणी तोडली तेही इचार त्याहिले.” काकांनी हात खाली घेतला. पुढे मी विचारलंच. स्वतः काकांनीच तोडली होती, इंजिन मदतनिसाच्या हवाली करून.

अभनपूरच्या पुढे एका टपरीवर नाश्ता. तांदळाच्या पिठाचा चीला, म्हणजे आपल्या धिरड्यासारखा, आणि टोमॅटोची भाजून ठेचलेली चटणी. दोन चीले चटणीसकट पन्नास रुपयांच्या आत मिळाले आणि पोट भरलं. बाजूला मोहाच्या झाडाखाली पिवळी फुलं पडली होती आणि त्यांचा गोड, जरा आंबूस वास सगळीकडे होता. टपरीवाल्या बाईंनी माझं हिंदी ऐकलं आणि तव्यावरून मान वर केली.

“कहाँ के हव, नोनी?”

“मॉरिशस.”

“कोन जिला?”

दीदीला चहाचा ठसका लागला. मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकूंनी गंभीरपणे सांगून टाकलं, “दूर वाला जिला है. समुंदर के उस पार.”

“हव,” त्या बाईंनी मान हलवली आणि माझ्या ताटलीत न मागता तिसरा चीला टाकला. दुरून आलेल्या पोरीला भूक जास्त लागणार, असा हिशेब असावा.

कुरुदनंतर दोन्ही बाजूंना हिरवंगार उन्हाळी धान. माझा अभ्यासाचा विषय, त्यामुळे मी खिडकीतून बघत बसले. त्यात अधूनमधून पळस पेटलेले. धमतरीत राइस मिलचा धुरळा आणि रविवारच्या बाजाराची गर्दी. इथे दीदीचा खरा कस लागला. एका ट्रॅक्टरवाल्याने आमच्या आरशाला हलकेच धक्का दिला, दीदीने खिडकी खाली करून त्याला अस्सल छत्तीसगढीत जे सुनावलं ते काही मला कळलं नाही. काकांना कळलं. ते बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले.

धमतरीपासून गंगरेल पंधरा किलोमीटरच्या आत आहे. रस्ता चांगला, शेवटी चढ आणि साल-सागाची झाडं. रायपूरहून थांबत-थांबत आम्हाला अडीच तास लागले. पार्किंगची पावती घेतली, वर चढलो, आणि धरण समोर आलं.

समुद्राची अपेक्षा घेऊन गेलेल्या बाईचं प्रामाणिक मत सांगते. तो समुद्र नाही. मिठाचा वास नाही, लाटेचा आवाज नाही, आणि पलीकडे निळसर डोंगर स्वच्छ दिसतात. मी डोंगराकडे बोट दाखवलं तर काकू म्हणाल्या, “तो काठ नोहे. तो डोंगर हाय.” पण पाणी अफाट आहे. वारा आला की त्याच्यावर काटा उभा राहतो, आणि उन्हात इतकं चमकतं की डोळे बारीक करावे लागतात. सात महिन्यांनी माझे डोळे असे बारीक झाले. काकू पाण्याकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या.

“हाय ना?” त्यांनी विचारलं.

“आहे,” मी म्हणाले.

खाली पाण्याच्या कडेला वाळू, झोपडीवजा खोल्या, बोटी. मोटरबोटीच्या एका फेरीचे माणशी शंभरच्या आसपास घेतले, दर बदलतात तेव्हा खिडकीवर बघून घ्या. मी, दीदी आणि काका लाइफ जॅकेट घालून बसलो. काकू काठावरच राहिल्या. “मी नाही येत. तुमचे चपला-पिशव्या कोण पाहीन?” बोट लांब गेली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. काकूंनी चपला काढल्या होत्या. साडी घोट्याच्या वर धरून त्या पाण्यात उभ्या होत्या, जेमतेम दोन बोटं पाण्यात, आणि खाली वाकून स्वतःच्या पायांकडे बघत होत्या.

बोटीवरून काकांनी सांगितलं, की या पाण्याखाली पुष्कळ गावं गेली. जवळच अंगारमोती देवीचं देऊळ आहे, ती देवीसुद्धा बुडणाऱ्या गावातून उचलून वर आणलेली. बोटीची फेरी संपल्यावर आम्ही दर्शनाला गेलो. मोठ्या झाडांखालचं उघडं ठाणं, घंटा, नारळ. तिथे सावलीत बसलो असताना मी काकूंना सहज विचारलं, “काकू, बोटीत का नाही आलात? भीती वाटते?”

काका आणि दीदी नारळ फोडून घ्यायला गेले होते. काकूंनी आधी पदराने मान पुसली.

“भेव नाही वाटत. राग येते.”

“पाण्याचा?”

“आमच्या गावाले वैनगंगा होती. माहे तिन्ही भाऊ दिवसभर नदीत राहत. मीबी जाओ त्याहिच्या संग. पण मले काठावर बसवत. पोट्टीनं पाण्यात नाही उतराचं म्हणे. मी त्याहिचे कपडे राखत बसो. उन्हात. दहा-बारा वर्सं राखले.” त्या हसल्या. “धाकटा तं मले चिडवे. पाण्यावर उताणा पडे आन् म्हणे, पाह्य शोभे, मी खाटेवर झोपलो. मले एकदा, फक्त एकदा, तसं झोपून पाह्याचं होतं.”

मला विचार करायला फारसा वेळ लागला नाही.

“काकू, मला ते येतं. मी शिकवू?”

“वेडी हाय काय? एकसष्टची झाली मी.”

“पिशवीत कपडे आहेत ना?”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि पटकन दुसरीकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं, की ती पिशवी सांडण्या-लवंडण्यासाठी घेतलेली नव्हती.

धरणात उतरायची मनाई आहे आणि ती पाळावी, पाणी खोल आहे. परत येताना धमतरीच्या अलीकडे रुद्री लागतं. तिथे महानदीच्या काठी महादेवाचं देऊळ आणि पायऱ्यांचा घाट आहे. बायका-पुरुष आंघोळीला येतात. काकांना सांगितलं, की दर्शन घेऊ आणि तिथेच जेवू. घाटावर पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. बायकांच्या बाजूला तीन-चार जणी कपडे धूत होत्या. एक म्हातारी गळ्यापर्यंत पाण्यात बसली होती. तिला मी आधी विचारलं, पाणी किती, तळ कसा. तिने हाताने दाखवलं, या पायरीपर्यंत कमरेइतकं, त्याच्यापुढे जायचं नाही. तुम्हीही कुठल्या घाटावर उतरलात तर रोज येणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय उतरू नका.

काकूंनी जुना सलवार-कमीज घातला आणि पदराऐवजी ओढणी कमरेला गाठ मारून बांधली. काका देवळातून बाहेर आले आणि पायरीवरच थांबले.

“शोभा? हे काय?”

“आंघोळ.”

“घरी नाही केली?”

काकू उत्तर न देता माझा हात धरून पाण्यात उतरल्या. पाणी गार होतं. कमरेपर्यंत आल्यावर त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट आवळलं की बांगडी रुतली.

मी सांगितलं तसं त्यांनी केलं. डोकं मागे, कान पाण्यात, नजर आभाळाकडे, छातीत हवा भरलेली. मी पाठीखाली दोन्ही हात दिले. त्या हलक्या वाटल्या. मला इतका आनंद झाला की मी तिसऱ्या श्वासाला हात काढून घेतले.

आणि काकू सरळ खाली गेल्या.

दोन सेकंद असतील. मी खांद्याला धरून त्यांना उभं केलं. नाकातोंडात पाणी, केस चेहऱ्यावर चिकटलेले, खोकून-खोकून डोळे लाल. वरून काका ओरडत होते, दीदी “मम्मी! मम्मी!” करत धावत पायऱ्या उतरत होती. कपडे धुणाऱ्या बायका थांबल्या होत्या. या घराने मला मुलीसारखं ठेवलं आणि मी त्यांच्या बाईला पाण्यात सोडलं.

“झालं समाधान?” काका म्हणाले. “निघा बाहेर. चाला.”

काकूंनी चेहरा पुसला. माझ्याकडे वळल्या.

“तू हात काहून काढला?”

“आमच्याकडे एवढ्यात माणूस तरंगतो.” आणि बोलता-बोलताच माझ्या लक्षात आलं. “काकू, चूक माझी आहे. आमचं पाणी खारट. ते वर उचलून धरतं. हे गोडं आहे, हे तेवढं धरत नाही. मी कधी गोड्या पाण्यात कोणाला शिकवलंच नाही.”

“असं होय,” काकू म्हणाल्या. पुन्हा खोकल्या. “मंग मास्तरीनबाई, आता नीट शिकव.”

“शोभा!” काकांचा आवाज चढला.

“ओरडू नका. मी बुडून नाही राहिली, मी शिकून राहिली.”

ती म्हातारी हे सगळं ऐकत होती. भाषा तिला किती कळली माहीत नाही, पण ती पाण्यातून हळूच पुढे सरकली आणि काकूंच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभी राहिली. “झन डरा, दाई,” ती म्हणाली, घाबरू नको. “पेट ला ऊपर कर.” गोड्या पाण्याची मास्तरीण खरी तीच होती. तिने सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. पाय खाली ओढतात, म्हणून हात डोक्याच्या वर लांब करायचे, म्हणजे पाय आपोआप वर येतात.

पुन्हा. आणि पुन्हा. पाचव्या की सहाव्या वेळेला मी एक हात काढला, दुसऱ्याचं फक्त बोट ठेवलं. मग तेही काढलं, पण या वेळी मी इंचभरही हलले नाही.

काकू पाण्यावर होत्या. पोट वर, हात वर, कमीज फुगलेला, बोटं पसरलेली. डोळे टक्क उघडे. ओठ हलत होते, काय म्हणत होत्या ते ऐकू येत नव्हतं. त्यांच्या कानांत पाणी होतं, त्यामुळे आम्ही कोणीच त्यांना ऐकू येत नव्हतो. दीदी फोन काढून शूटिंग करत होती. मग तिने फोन सतरंजीवर टाकला आणि जीन्ससकट पाण्यात आली. “मम्मी,” ती म्हणाली, आणि मी सात महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडून मराठी ऐकलं, “मम्मी, किती छान दिसून राहिली तू.”

काकू उभ्या राहिल्या तेव्हा घाटावरच्या बायका हसत होत्या. काका पँट दुमडून गुडघाभर पाण्यात येऊन उभे होते. एका हातात टॉवेल, दुसऱ्या मनगटावर नजर.

“चोवीस सेकंद,” ते म्हणाले.

सतरंजीवर पुऱ्या उघडल्या. भूक अशी लागली होती की पहिल्या दहा मिनिटांतच निम्म्या पुऱ्या संपल्या. काकूंनी ती म्हातारी जायला निघाली तेव्हा तिला हाताला धरून बसवलं आणि चार पुऱ्या वाढल्या. तिने दोन खाल्ल्या, दोन पदरात बांधल्या. ती गेल्यावर काका चटणीकडे बघत म्हणाले, “पस्तीस वर्सं झाले लग्नाले. मले कधी बोलली नाही तू.”

“तुम्ही कधी इचारलं?”

“असं कोणी इचारते काय बायकोले, का बापा, तुले पाण्यावर झोपाचं हाय काय?”

“नाही इचारत,” काकू म्हणाल्या. “म्हणून नाही सांगितलं.”

काकांनी त्यांच्या पानात भाजी वाढली. काका कधी वाढत नाहीत. चमचा कसा धरावा तेही त्यांना कळत नव्हतं, अर्धी भाजी सतरंजीवर सांडली. काकूंनी ती उचलून पानात घेतली.

परतीचा प्रवास उन्हाचा. काच खाली केली तर झळा, वर केली तर घाम, कारण एसी केंद्रीच्या आधीच बंद पडला. काका अभनपूरपर्यंत एकदाही ‘कॉशन’ म्हणाले नाहीत. मी वाकून पाहिलं तर झोपले होते. काकू मागे माझ्या शेजारी जाग्याच होत्या, ओले केस खिडकीच्या वाऱ्यावर सोडून. धुळीने त्यांच्या जटा झाल्या तरी त्यांनी बांधले नाहीत. चारला घरी पोचलो.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात: स्वतःची गाडी नसेल तर धमतरीपर्यंत बस सहज मिळते, पुढे रिक्षा ठरवावी लागते. जेवण बरोबर न्या. पावसाळा संपल्यावर गेलात तर धरण भरलेलं आणि हवा थंड. उन्हाळ्यात टोपी विसरू नका, मी विसरले आणि माझं नाक अजून सोलतंय.

माझ्याजवळ काय राहिलं? निळं पाणी राहिलं, पण त्याचे फोटो कुणीही काढेल. मी मात्र घरी आल्यावर, रोज शिकलेलं लिहिते त्या वहीत पहिल्यांदा काहीतरी असं लिहिलं जे मी इथे कोणाला तरी दिलं होतं. आणि त्याच पानावर, गोड्या पाण्यात पाय खाली का ओढतात, तेही. सोमवारी त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या गावी पुन्हा जायचं होतं. मी न लाजता चौथ्यांदा मातीची नावं विचारली. त्याने या वेळी ढेकूळ हातात दिलं, फोडून दाखवलं, आणि मला ती नावं लक्षात राहिली.

मंगळवारी सकाळी आईचा फोन आला. इथे साडेआठ म्हणजे तिकडे सात, शाळेत निघायच्या आधीची तिची वेळ. मी तिला सगळं सांगितलं. ‘कोन जिला’ला ती पोट धरून हसली. घाटावरचं सांगायला लागले तेव्हा मात्र तिकडून हूं-हूंसुद्धा थांबलं. मला वाटलं फोन कट झाला.

“आई? आहेस ना?”

“आहे.” मग म्हणाली, “मलाही नाही येत.”

“काय?”

“तरंगायला. पोहायलाही नाही.”

मी पलंगावर बसले. दर रविवारी आमचं सगळं खानदान किनाऱ्यावर जातं. सुरूच्या झाडांखाली चादर, तिच्यावर भाताचं पातेलं, आणि पातेल्याजवळ आई. आम्ही संध्याकाळपर्यंत पाण्यात. इतक्या वर्षांत मी एकदाही तिला ओलं पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

“मला वाटायचं तुला आवडत नाही, वाळू लागते म्हणून.”

“तसंच सांगत आले मी सगळ्यांना.”

मागे आमच्या घरासमोरून जाणाऱ्या बसचा हॉर्न ऐकू आला. तिची बस होती, पण ती उठली नाही.

“त्या काकू किती वर्षांच्या आहेत म्हणालीस?” तिने विचारलं.

“एकसष्ट.”

“हं,” आई म्हणाली. “मी तर अजून त्रेपन्नचीच आहे.”